खेळाच्या तासाची वाटचाल

पुणे–नाशिक रस्त्याने खेड मागे टाकले की मंचर लागते, मग कळंब, मग नारायणगाव. खेडचे आता राजगुरुनगर झाले आहे. शिवराम हरी राजगुरू म्हटले की सगळ्यांना लाहोरचा तुरुंग आणि २३ मार्च १९३१ ही तारीख आठवते. त्यांच्या अवघ्या बावीस वर्षांच्या आयुष्यातली एक नोंद मात्र सहसा कुणी थांबून वाचत नाही. काशीला संस्कृत शिकायला गेलेल्या या तरुणाने अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात व्यायामाचे शिक्षण घेतले होते आणि काही काळ म्युनिसिपल शाळेत ड्रिल मास्तर म्हणून नोकरीही केली होती. आज जुन्नर, ओतूर, मंचर, घोडेगावच्या हायस्कुलांत ज्यांना मुले ‘पी.टी.चे सर’ म्हणतात, त्यांच्या पेशातला एक पूर्वज असा शेजारच्याच तालुक्यातला आहे.

पुढची वाटचाल त्या पेशाची आणि शाळेच्या वेळापत्रकातल्या त्याच्या तासाची आहे. हा तास जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांपर्यंत कसा पोहोचला, कुणी तो रुजवला आणि आज तो कुठे अडला आहे, हे नीट सांगायला हवे. गणिताच्या किंवा इंग्रजीच्या तासाचे काही बिघडले तर गावात चर्चा होते. खेळाचा तास बुडाला तर मुलांखेरीज कुणाला कळतही नाही.

शाळेआधी तालीम होती. मारुतीच्या देवळाजवळची कौलारू खोली, लाल मातीचा हौदा, भिंतीला टेकवलेल्या करेला-मुद्गलांच्या जोड्या आणि एक वस्ताद. भीमाशंकरच्या पायथ्यापासून आळे-बेल्ह्यापर्यंतच्या पट्ट्यात जत्रेला बैलगाड्यांचा घाट आणि कुस्त्यांचा आखाडा हवाच. रेवड्यांवरच्या पोराटोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात व्हायची आणि दिवस मावळता मावळता शेवटची मानाची कुस्ती लागायची. तालमीने इथल्या मुलांना शरीर घडवण्याची ओढ लावली, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण तालीम निवडून घेते. ज्याच्या घरी दुभते आहे, ज्याच्या खुराकाचा खर्च झेपतो, शेतावरचे दोन हात कमी पडले तरी ज्याच्या घराचे अडत नाही, तोच मुलगा तिथे टिकायचा. मुलींना तिथे जागाच नव्हती. गावकुसाबाहेरच्या मुलांना ती किती मिळत होती, हे प्रत्येक गावाने आपापल्या आठवणीत तपासून पाहावे.

शाळेतल्या खेळाच्या तासाचे वेगळेपण इथे आहे. वर्गात ज्याचे नाव पटावर आहे, तो मैदानावर येणार. जाडा, हडकुळा, लंगडणारा, चष्मेवाला, आईबरोबर निंदायला जाऊन आलेली, धरणग्रस्ताची, पाटलाची, सगळी मुले एका रांगेत. शरीराचे शिक्षण सर्वांचे आहे, हा विचार आपल्याकडे शाळेने आणला. या वाटचालीत मी एकच गोष्ट मोजत गेलो आहे: तो तास सर्वांचा राहिला का?

इंग्रजी अमदानीत हा तास आला तेव्हा तो कवायतीचा होता. पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार शाळेला मिळायचा आणि पलटणीत जे शिकला तेच शिकवायचा. सावधान, विश्राम, दाहिने मूड. मुलाच्या वयाचा, वाढीचा, आवडीचा त्यात विचार नव्हता. शिस्त होती, पण व्यायाम थोडा आणि खेळ त्याहून थोडा. याला उत्तर म्हणून जे प्रयत्न उभे राहिले, त्यांतले बरेच महाराष्ट्राच्या आणि बडोद्याच्या मातीत उभे राहिले, याचा मला अभिमान वाटतो.

अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हे त्यांतले एक. आखाडा म्हणून जन्मलेल्या या संस्थेने १९२० च्या दशकात उन्हाळी सुटीत वर्ग भरवायला सुरुवात केली. तिथे येणारा तरुण मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती शिकायचा आणि त्याबरोबर दुसऱ्याला कसे शिकवायचे, हेही शिकून परतायचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. मला स्वतःला त्या उन्हाळी वर्गांचे मोल बर्लिनपेक्षा जास्त वाटते, कारण व्यायामशिक्षक हा प्रशिक्षण घेऊन तयार व्हावा लागतो, हे त्यांनी लोकांच्या गळी उतरवले.

इकडे पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोला नियमांत बांधले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने पुढे १९३५ मध्ये नियमांची पुस्तिका काढली. गल्लीगणिक वेगळा खेळला जाणारा खेळ त्यामुळे एका शाळेला दुसऱ्या शाळेशी खेळता येऊ लागला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादित केला. एका विषयासाठी मराठीत एवढे मोठे काम फार थोड्यांनी केले आहे. त्याचे खंड आज जुन्या वाचनालयांच्या कपाटांत धूळ खात पडलेले दिसतात तेव्हा वाईट वाटते.

आणि मग स्वामी कुवलयानंद. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली घडलेले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले. आसन-प्राणायामाचे शरीरावर काय परिणाम होतात, हे प्रयोगशाळेत तपासण्याचा आग्रह धरणारा हा माणूस. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे गेले. समितीने शिफारस केली आणि १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षण संस्था सुरूही झाली. समिती आणि प्रत्यक्ष काम यांत एवढे थोडे अंतर आज ऐकूनही खरे वाटत नाही. कांदिवलीहून शिकून आलेला पदवीधर हा शाळेतला पहिला असा व्यायामशिक्षक, ज्याला इतर शिक्षकांच्या बरोबरीने खुर्ची मिळाली. ‘ड्रिल मास्तर’ हा शब्द मागे पडू लागला तो तेव्हापासून.

स्वातंत्र्यानंतर हायस्कूल तालुक्याच्या गावाबाहेर पसरले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मंचरला पाय रोवले. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळ आणि गुरुवर्य रा. प. सबनीसांच्या नावाचे विद्यामंदिर, ओतूरला चैतन्य विद्यालय, घोडेगावला जनता विद्यामंदिर, जुन्नर शहरात शंकरराव बुट्टे पाटील विद्यालय, अशी नावे या दोन तालुक्यांत घरोघरी ओळखीची झाली. पुष्कळ ठिकाणी शाळेची जागा गावाने दिली. ती सुपीक नसायची. गायरान, माळ, ओढ्याकाठचा उतार, खडक. इमारत कशीतरी उभी राहायची. मैदान मात्र आपोआप होत नाही.

त्या पिढीतल्या क्रीडाशिक्षकांचे पहिले काम खेळ शिकवण्याचे नव्हतेच. आधी दगड वेचायचे, मग उंचवटे खोदून खळगे भरायचे, मुरूम टाकायचा, पाणी मारायचे, रूळ फिरवायचा. कार्यानुभवाचा तास आणि खेळाचा तास एक करून अख्ख्या शाळेने घमेली वाहिली, ही कथा या भागातल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हमखास ऐकायला मिळते. मैदान आखायला फक्की आणि सुतळी. चारशे मीटरच्या धावपट्टीला लागते तेवढी सपाट जागा सह्याद्रीच्या कुशीत सहसा मिळत नाही, म्हणून दोनशे मीटरची पट्टी, वळणावर जरा अरुंद, आणि एका कडेला वड किंवा पाण्याची टाकी. अशा पट्टीवर धावणाऱ्या मुलाला वळण कसे घ्यायचे, हे वेगळे शिकवावे लागते. जिल्ह्याच्या मैदानावर गेल्यावर त्याचा त्याला फायदाच होतो.

खो-खो आणि कबड्डी इथे रुजली याचे पहिले कारण पैसा. कबड्डीला चेंडू लागत नाही, जाळी लागत नाही. मुलींचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद, फक्कीच्या थोड्या रेषांत बसते. खो-खोला दोन खांब रोवले की झाले. पण पैशापलीकडेही एक कारण आहे आणि अनुभवी शिक्षक ते लगेच सांगतात. खो-खोत बसलेल्या आठ जणांपैकी प्रत्येकाला कधीही उठावे लागते. त्यामुळे एकही मूल खेळाबाहेर राहत नाही. क्रिकेटच्या तासाला सीमेवर उभे केलेले मूल पाऊण तास गवत उपटत बसते. माझ्या मते शाळेसाठी खेळ निवडताना हीच कसोटी लावावी: सर्वांत कच्च्या मुलाला किती वेळा हलावे लागते?

पी.टी.च्या सरांच्या वाट्याला बाकी काय आले, तेही नोंदवले पाहिजे. सकाळचा परिपाठ, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचे संचलन, लेझीम, डंबेल्स, घुंगूरकाठी, स्नेहसंमेलनातला मानवी मनोरा, सहल, रांगा, उशिरा येणाऱ्यांना अडवणे, मधल्या सुटीत फाटकावर उभे राहणे. आवाज मोठा आणि गळ्यात शिट्टी, म्हणून शाळेची सगळी शिस्त त्याच्या खांद्यावर. यातून एक चुकीची समजूत पक्की झाली की शारीरिक शिक्षण म्हणजे शिस्त. सरकारी योजनांनीही तिला बळ दिले. आझाद हिंद सेनेतले जनरल जगन्नाथराव भोसले यांनी १९५४ मध्ये निर्वासितांच्या मुलांसाठी सुरू केलेली राष्ट्रीय शिस्त योजना देशभरच्या शाळांत गेली. तिच्याच जोडीला एन.सी.सी., ए.सी.सी., स्काउट-गाईड होते. पुढे कुंझरू समितीने अशा योजनांची मोट बांधायला सांगितली आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय सुदृढता दल आले. भोसल्यांच्या हेतूबद्दल मला आदरच आहे. घरदार गमावलेल्या मुलांना सावरायला त्यांनी रांग, गाणे आणि कवायत यांचा आधार दिला. पण सगळ्याच शाळांतल्या सगळ्याच मुलांना सावधान उभे करणे हा त्यावरचा उपाय नव्हता, आणि त्यात मैदानाचे बरेच तास गेले.

मुलींच्या बाबतीत या तासाने जे केले, ते मात्र कुठल्याच योजनेला एवढ्या शांतपणे जमले नसते. सातवीनंतर मुलगी पळताना दिसली तर नजरा वळायच्या, असा तो काळ फार जुना नाही. कबड्डीत तर अंगाला अंग भिडते, मातीत लोळावे लागते. घरची परवानगी मिळवायला शिक्षकांना घरोघर जावे लागे. बहुतेक ठिकाणी आधी संचलन आणि लेझीम, मग खो-खो, आणि कबड्डी सर्वांत शेवटी, अशी पायरी पायरीने वाट निघाली. अडचणी तर साध्याच होत्या. कपडे बदलायला खोली नाही, स्वच्छतागृहाला कडी नाही, पाळीच्या दिवसांत कुणाला सांगायचे ते कळत नाही, कारण सर पुरुष. ज्या शाळेत एखादी शिक्षिका मैदानावर उभी राहिली, तिथे मुलींचा संघ उभा राहिला. हा नियम मी मोडलेला पाहिलेला नाही.

आणि एस.टी. बाहेरगावच्या मुलीचा सराव खरे तर एस.टी. ठरवते. अहिल्याबाई होळकर योजनेतला मोफत पास मिळाला म्हणून वाड्यावस्त्यांवरच्या मुली हायस्कुलात येऊ लागल्या, हे या भागात डोळ्यांनी दिसते. पण शाळा सुटली आणि गाडी निघाली यांच्या मध्ये जेवढा वेळ उरतो, तेवढाच तिचा सराव. म्हणून शाळेच्या वेळेतला तास मुलींसाठी मुलांपेक्षा जास्त मोलाचा आहे. शाळेनंतरच्या सरावावर भर देणारी कुठलीही योजना गावातल्याच मुलांच्या, त्यातही मुलग्यांच्या पदरात पडते.

हल्ली याला बिबट्याची भर पडली आहे. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, घोड नदीवर डिंभे धरण झाले, कालव्यांनी पाणी फिरले आणि उसाने शिवार भरले. त्या उसात बिबट्या मुक्कामाला आला. जुन्नर वनविभाग आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आता देशाला माहीत आहे. उसाला लागून असलेल्या शाळेत पहाटेचा सराव आणि दिवेलागणीचा सराव दोन्ही संपले. दहावीच्या मुलाने सकाळी अंधारात एकट्याने पळायला जावे, असे कुठला शिक्षक सांगेल? सांगूही नये. पुन्हा आपण तिथेच येतो: उरतो तो फक्त शाळेच्या वेळेतला, उजेडातला तास.

दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला गोष्ट आणखी वेगळी आहे. नाणेघाट, जीवधन, आहुपे, भीमाशंकर या घाटमाथ्याच्या पट्ट्यात पूर्वेच्या बेल्हे–लोणी-धामणी भागाच्या कित्येक पट पाऊस पडतो. जूनच्या अखेरीस मैदानाचे तळे होते ते सप्टेंबरपर्यंत तसेच. आणि शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक? तालुक्याच्या स्पर्धा साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात. म्हणजे पूर्वेच्या शाळेला दोन महिने कोरड्या मैदानावर सराव मिळतो आणि पश्चिमेच्या शाळेला चिखल. आदिवासी मुले मुळातच काटक असतात, हे वाक्य या भागात फार सहज बोलले जाते. मला ते पटत नाही. रोज डोंगर चढून-उतरून शाळेत येणाऱ्या मुलाचे पाय आणि छाती तयार होतात, ते त्या रोजच्या चालण्यामुळे. ती मेहनत मोजून, तिच्यावर तंत्र चढवायला शिक्षक आणि कोरडी जागा लागते. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळांत मुले राहायलाच असतात. सकाळ-संध्याकाळ मैदान त्यांचेच. तिथे पूर्णवेळ क्रीडाशिक्षक आणि एक छप्पर असलेला चौथरा मिळाला, तर लांब पल्ल्याच्या धावण्यात या मुलांना फार पुढे नेता येईल. डिंभ्याच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. ज्यांनी गाव दिले, त्यांच्या नातवंडांना निदान पावसाळ्यात खेळायला एक शेड मागण्याचा हक्क आहे.

स्पर्धांनी या तासाला प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येणार नाही. भारतीय शालेय खेळ महासंघ १९५४ चा. त्याखाली तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी उभी राहिली. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट ठरले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीची क्रीडानगरी उभी राहिली, क्रीडा प्रबोधिनी आल्या, आणि खेड्यातल्या मुलाला आपली धाव कुठवर जाऊ शकते ते दिसले. राज्य, राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्याला दहावी-बारावीला वाढीव गुण, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. शाळेच्या कार्यालयातल्या कपाटावर ढाली आल्या आणि मुख्याध्यापक पी.टी.च्या सरांना पालकसभेत पुढच्या रांगेत बसवू लागले.

पण याच शिडीने तास हळूहळू वर्गाकडून काढून संघाकडे नेला. सातशे मुलांच्या शाळेतून बारा जणांचा कबड्डी संघ निघतो. शिक्षक एकच. निकाल त्या बारा जणांवर ठरणार. मग ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत त्याचे लक्ष कुठे जाणार? उरलेल्यांना एक चेंडू मिळतो आणि “लांब जाऊ नका” ही सूचना. तालमीने निवडून घेतले होते, तसेच पुन्हा निवडणे सुरू झाले. यात शिक्षकाचा दोष मी काढणार नाही. ज्याचे मोजमाप होते, तेच तो करतो. दोष मोजणाऱ्याचा आहे. वाढीव गुणांमुळे तर काही पालक मुलाला कोणता खेळ आवडतो हे न विचारता कोणत्या खेळात स्पर्धक कमी आहेत, हे विचारत येतात. प्रमाणपत्र हाती आले की मुलाचा खेळ दहावीच्या मार्चमध्ये संपतो.

कबड्डीचे आणखी एक दुखणे आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि खेळ मॅटवर गेला. वरच्या पातळीवरच्या स्पर्धाही मॅटवर होऊ लागल्या. मातीत अनवाणी खेळलेले पाऊल मातीत रुतते, तिथूनच ते जोर घेते. मॅटवर बूट लागतात, घसरण्याची भीती वेगळी, गुडघ्यावर येणारा ताण वेगळा. तालुक्यात मातीवर जिंकलेला संघ पुढे मॅटवर पहिल्या पाच मिनिटांत मागे पडतो तो याच कारणाने. मॅट महाग असते आणि ती ठेवायला बंदिस्त जागा लागते. सगळ्या शाळांना ती मिळणार नाही. तालुक्याला एक मिळावी आणि शाळांना आळीपाळीने दिवस नेमून द्यावेत, इतके तर नक्की होऊ शकते. खो-खोनेही तोच रस्ता धरला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले, पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि महिलांची प्रियंका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे. ते सामनेही मॅटवरच झाले.

गेल्या दशकात खरा घाव बसला तो पदांवर. शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये सहावी ते आठवीच्या शंभरांहून अधिक पटाच्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक देऊ केले. मैदान प्रत्येक शाळेला हवे, असे त्याच कायद्यात आहे. पण ‘अंशकालीन’ हा शब्द पुढे महागात पडला. २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती बराच काळ थांबली. २०१५ च्या संचमान्यतेच्या निकषांत पदे पटाच्या गणितावर गेली, आणि गणित सुटले नाही की पहिला बळी जातो तो कलेच्या आणि खेळाच्या शिक्षकाचा. २०१७ मध्ये तासिका कमी करण्याचा विषय निघाला तेव्हा राज्यभरचे शारीरिक शिक्षक आंदोलनात उतरले, ते यासाठी. कांदिवली आणि अमरावतीनंतर पुण्यात महाराष्ट्रीय मंडळाने १९७७ मध्ये चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. या भागातल्या तरुणांना बी.पी.एड.साठी ते जवळचे. पदवी घेऊन परतलेले तरुण आज अकादमी चालवतात, पोलीस भरतीचे वर्ग घेतात, शेती करतात. त्यांच्याच गावच्या हायस्कुलात जुने सर निवृत्त झाले आहेत आणि खेळाचा तास इतिहासाच्या बाईंकडे दिलेला आहे. बाई हजेरी घेतात, मुलांवर लक्ष ठेवतात. त्यांना खो कसा द्यायचा ते कुणी शिकवलेले नाही, आणि ते त्यांचे काम नव्हतेही.

कागदावर मात्र विषय कधी नव्हता एवढा वर गेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला अभ्यासेतर म्हणायचे बंद केले. फिट इंडिया आहे, २१ जूनचा योगदिन आहे. खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी, १५ जानेवारीला, राज्याचा क्रीडा दिन होतो, आणि हेलसिंकीत १९५२ मध्ये पदक आणणाऱ्या कऱ्हाडच्या त्या मल्लाची आठवण शाळाशाळांतून निघते. नववी-दहावीच्या गुणपत्रिकेवर आरोग्य व शारीरिक शिक्षणाची श्रेणी असते. ती श्रेणी बहुतेकांना चांगलीच मिळते. नापास कुणी होत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी पाहतही नाही.

तरीही जिथे शिक्षक आहे, तिथे काय होते ते पाहावे. आठवी ब, साठ मुले, तास चाळीस मिनिटांचा, मैदान अर्धे. पाच मिनिटे हालचाली. मग चार गट. एक लंगडीत, एक दोरीवर, एक फक्कीच्या दोन खुणांमध्ये दहा-दहा मीटरच्या फेऱ्या मारणारा, एक खो-खोच्या खांबाशी वळण शिकणारा. सात मिनिटांनी शिट्टी, गट पुढे सरकतो. गटप्रमुख वर्गातलेच, दर महिन्याला बदलणारे, आणि पहिल्या महिन्यात मुद्दाम सर्वांत लाजरी मुले निवडलेली. वहीत प्रत्येकाची उभी लांब उडी आणि सहा मिनिटांत किती फेऱ्या झाल्या, याची नोंद. जूनची, नोव्हेंबरची आणि मार्चची. तुलना दुसऱ्याशी नाही, स्वतःच्या जूनच्या आकड्याशी. यात मॅट नाही, निधी नाही, उद्घाटन नाही. एक शिकलेला माणूस मात्र लागतो, आणि तो पूर्णवेळ लागतो.

म्हणून शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांकडे एकच मागणे आहे. कार्यालयातल्या ढाली पाहून झाल्या की त्यांनी मैदानावर यावे, कुठल्याही संघात नसलेली दहा मुले पटावरून स्वतः निवडावीत, आणि ती नोंदवही मागवून त्या दहा जणांचे जूनचे आणि मार्चचे आकडे वाचावेत. वही नसेल तर शेऱ्यात तसे लिहावे. पद रिकामे असेल तर तेही, किती वर्षांपासून ते आकड्यात.